शनवारतेली

दिघोडकरांचं डोकं त्या दिवशी सकाळपासून फिरलं होतं, आणि फिरायला कारणं कमी नव्हती. २००५ सालचा पंचवीस डिसेंबर, रविवार. संध्याकाळी हनुक्काची, म्हणजे ज्यूंच्या दिव्यांच्या सणाची, पहिली वात लावायची होती. हनुक्का नेमका नाताळच्या दिवशी सुरू व्हावा असं काही दरवर्षी होत नाही. पण व्हायचं ते नेमकं याच वर्षी झालं, ज्या वर्षी अख्खी सोसायटी त्यांना ख्रिश्चन समजून बसली होती.

आणि ही समजूत करून दिली कोणी? फ्लोराने. त्यांच्या बायकोने.

जुलैच्या पुरात नदीकडची त्यांची तळमजल्यावरची जागा पाण्यात गेली. हसकेल दिघोडकर म्हणजे अंबरनाथच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढून रिटायर झालेला माणूस, पण बायको आणि आठ वर्षांची नात अवीवा यांना घेऊन दोन महिने बदलापूरच्या कुळगावात भाड्याची जागा शोधत वणवण फिरला. नाव सांगितलं की समोरच्याच्या भुवया वर. हसकेल? म्हणजे मुसलमान? नाही हो, आम्ही ज्यू, बेने इस्राएल, शेकडो वर्षं कोकणात राहिलोय, घरात मराठीच बोलतो. एवढं ऐकून घ्यायला वेळ आहे कोणाला? ‘कळवतो’ म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. शेवटी या सोसायटीचे सेक्रेटरी श्यामकांत यांनी विचारलं, “तुम्ही कोण म्हणायचे?” आणि दिघोडकरांनी तोंड उघडायच्या आत फ्लोरा बोलून गेली, “ख्रिश्चन.” नावच फ्लोरा, मग शंका कोण घेतो? चार दिवसांत चावी हातात आली.

तेव्हापासून बिल्डिंगमधले बाकीचे म्हातारे काका, आणि दिघोडकर तेवढे अंकल. जिन्यात कोणी ‘काय अंकल’ म्हटलं की त्यांच्या मस्तकात तिडीक जायची. पण बोलायची सोय नव्हती, कारण बोललं की फ्लोरा खोटी पडणार.

“दिवा खिडकीत लावायचा,” त्यांनी सकाळी चहा घेतानाच जाहीर केलं.

“स्वयंपाकघरात लावू या,” फ्लोरा म्हणाली. “पडदा ओढून.”

“खिडकीत. रस्त्यावरच्या माणसाला दिसावा म्हणूनच तो लावायचा असतो. माझ्या बापाने कधी पडदा ओढला नाही.”

“तुमच्या बापाला दोन महिने घर शोधत फिरावं लागलं नव्हतं. कोणी विचारलं तर काय सांगणार आहात?”

दिघोडकर जास्तच चिडले. खरं तर त्यांना काळजी होती ती नातीची. अवीवाचे आईबाप इस्राएलला बस्तान बसवायला गेले होते आणि जूनमध्ये तिला घेऊन जाणार होते. त्याआधी आपण कोण हे या पोरीला इथे, बदलापुरात, स्वतःच्या तोंडाने सांगता यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि पोरगी शाळेत काय सांगत होती? आजीने पढवलेलं.

दुपारी ते मेणबत्त्या आणायला बाहेर पडले. दोन दुकानांत नव्हत्याच. तिसऱ्या दुकानातला म्हणाला, “खतम, अंकल. एक तो लोडशेडिंग, ऊपर से क्रिसमस. आपको तो पहले से लेके रखना मांगता था ना.” आपको तो, म्हणे! दिघोडकर रिकाम्या हाताने घरी आले ते रस्ताभर स्वतःशी बडबडत.

घरात आले तर शेजारच्या कुमुदिनीताई, म्हणजे श्यामकांत यांच्या मिसेस, प्लम केकची बशी घेऊन उभ्या. “मेरी ख्रिसमस, अंकल.” आणि दिघोडकर काही म्हणणार तोच त्यांची नात झोकात पुढे झाली, केक घेतला आणि म्हणाली, “थँक यू आंटी, सेम टू यू.” किती सहज म्हणाली! कुठे अडखळली नाही की आजोबांकडे पाहिलं नाही. दिघोडकरांना वाटलं, ही बशी भिंतीवर फेकावी. त्यांनी ती फ्रिजवर ठेवली.

“बघितलंस?” ताई गेल्यावर ते फ्लोराला म्हणाले. “हे तू शिकवलंस.”

फ्लोराने माळ्यावरून जुना दिवा काढून पुसायला घेतला. मागे लाकडाचा सहा कोनांचा तारा, त्याला पितळी कड्या, कड्यांमध्ये बसवायचे काचेचे पेले. पुरात चार पेले फुटले होते, पण पहिल्या दिवशी दोनच लागतात. एक त्या दिवसाचा आणि एक शमाश, म्हणजे ज्याच्यावर बाकीचे पेटवायचे तो. मेणबत्त्या नाहीत तर नाहीत, वाडवडिलांसारखं तेल घालू, असं दिघोडकरांनी ठरवलं आणि खोबरेलाची बाटली उचलली.

तेल थिजलेलं. पार दगड. बदलापूरची थंडी! माझगावात अख्खं बालपण गेलं, डिसेंबरात कधी तेल थिजलेलं आठवत नव्हतं. त्यांनी बाटली आपटली, उलटी धरली, अवीवाने ती स्वेटरमध्ये घालून छातीशी धरली. शेवटी काडीने कोरून कोरून पांढरे गोळे पेल्यात टाकले आणि वात खोचली. तेवढ्यात साडेसहाला दिवे गेले. रविवारीसुद्धा सुट्टी नाही यांना.

वात पेटायची, तडतडायची, विझायची. तीन वेळा दिघोडकरांनी बारूख अत्ता ही हिब्रू प्रार्थना म्हणायला सुरुवात केली आणि तिन्ही वेळा पुढचा शब्द तोंडात यायच्या आत अंधार. चौथ्या वेळेला त्यांच्या तोंडून भलताच शब्द निघाला, जो हिब्रू नव्हता.

“अहो, पोरीसमोर,” फ्लोरा म्हणाली.

“तू बोलूच नकोस. पडदा ओढ, ने तो दिवा मोरीत, तिथे लाव. नाहीतरी आपण कोणीच नाही.”

फ्लोराच्या डोळ्यांत पाणी आलं. पुराच्या दिवशी अवीवाला खांद्यावर घेऊन तिने कमरेएवढ्या पाण्यातून जिना गाठला होता. खोटं बोलली ती या पोरीच्या डोक्यावर छप्पर यावं म्हणून, हे दिघोडकरांनाही ठाऊक होतं. म्हणून तर त्यांचा राग कुठेच धड बसत नव्हता.

दार उघडंच होतं. भांडी घासायला येणारी गंगू आत आली. सत्तरीची बाई, उरणकडची. अंधारात दिघोडकर काडीमागून काडी ओढतायत हे तिने क्षणभर पाहिलं.

“नुसता त्याल कशाला घातलाव? खाली कोमट पानी घाला, वर त्याल. मंग बगा.”

तिने गॅसवर पाणी कोमट केलं, पेले रिकामे करून अर्धे पाण्याने भरले आणि वर तेलाचे गोळे सोडले. ते विरघळून पिवळसर थर तरंगायला लागला. वातीच्या तारेची आकडी पेल्याच्या काठाला अडकवली ती अशी, जणू जन्मभर हेच करत आली आहे. वात शांत पेटली.

“तुम्ही हे कुठे शिकलात?” दिघोडकरांनी विचारलं.

गंगूने ताऱ्याकडे बोट दाखवलं. “आमी चिरनेरची. शेजारी दिघोडा. तितं तेल्याच्या घरान असाच दिवा लावायचं, मी ल्हान व्हते तवा. शनवारी घाना बंद ठेवायचं ते. शनवारतेली. तुमी दिघोडकर म्हनजे त्यांतलंच ना? मना वाटलाच व्हता, पन सगली म्हनतान किरिस्ताव.”

शनवारतेली! कोकणातले ज्यू पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, शब्बाथला, ते बंद ठेवायचे, म्हणून गावाने ठेवलेलं नाव. दिघोडकरांच्या वडिलांना हा शब्द म्हणजे शिवी वाटायची. शाळेत कोणी तेली म्हणून चिडवलं तर हसकेल मारामारी करून यायचा. आणि आज पाच महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना बरोबर ओळखलं, ते याच शब्दाने. त्यांना राग यायला हवा होता. आला नाही.

“हो,” ते म्हणाले. “त्यांतलेच.”

त्यांनी दिवा उचलला आणि खिडकीत टांगला. फ्लोराने पडद्याला हात लावला नाही. यावेळी बारूख अत्ता शेवटपर्यंत झालं आणि अवीवाने आमेन म्हटलं.

आणि नेमके तेव्हाच श्यामकांत दारात. “काय अंकल, ख्रिसमस जोरात? वाईनबिईन नाही काय?” मग त्यांची नजर खिडकीकडे गेली. “हे काय, तेलाचे दिवे?”

“किरिस्ताव नाय ते,” गंगू भांडी गोळा करत म्हणाली. “तेली हायत, कोकनातलं.”

“तेली?” श्यामकांत यांचा चेहरा एकदम उजळला. “अहो काका, मग आधी सांगायचं ना. माझी मोठी मेहुणी तेल्यांकडेच दिलीय, कल्याणला. आपलीच माणसं निघालात की.” आणि त्यांनी चक्क वाकून दिघोडकरांच्या पायांना हात लावला.

झालं. एका खोट्यातून सुटका व्हायच्या आत दुसरं खोटं आयतं चालून आलं, आणि पहिल्यापेक्षा सोयीचं. दिघोडकरांनी फ्लोराकडे पाहिलं. फ्लोरा खाली बघत होती. गप्प बसलं तर उद्यापासून ते काका, घर पक्कं, कोणी काही विचारणार नाही. आणि दिघोडकरांची, खोटं कशाला बोला, खरं सांगायला जीभ रेटेना. दिवसभर तडफड करून शेवटी त्यांनाही वाटलं, जाऊ दे.

अवीवाने आजीचा पदर ओढला. “आजी, मग उद्यापासून शाळेत काय सांगायचं? ख्रिश्चन की तेली?”

बाहेर कुणाच्या तरी जनरेटरची घरघर चालू होती.

“ज्यू,” फ्लोरा म्हणाली. तिची नजर श्यामकांत यांच्यावरच होती. “आम्ही ज्यू आहोत. ख्रिश्चन मी सांगितलं होतं. यांनी नाही. घर मिळत नव्हतं म्हणून मी खोटं बोलले. तुम्हाला काय ठरवायचं ते ठरवा.”

श्यामकांत यांनी डोकं खाजवलं. खिडकीतल्या दोन ज्योतींकडे पाहिलं, गंगूकडे पाहिलं. बराच विचार केला.

“ज्यू,” ते सावकाश म्हणाले. “म्हणजे अंकल, हे मुसलमानांतच येतं ना?”

दिघोडकरांनी डोळे मिटले. आयुष्यात कितव्यांदा, कोण जाणे. मग अवीवाला जवळ ओढून मांडीवर बसवलं आणि समोरची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

“बसा, श्यामकांत. लाईट यायला अजून दीड तास आहे. आणि आधी ते अंकल म्हणायचं बंद करा.”