जाता जाता सांगतो, डॉक्टर

मित्रांनो, मी एक जुनी पितळी मूठ आहे. दाराची मूठ! तीही साध्यासुध्या दाराची नव्हे, डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीच्या दाराची, आणि आतल्या बाजूची. बाहेरच्या बाजूला माझी जुळी बहीण असते आणि एका चौकोनी सळईने आम्हा दोघींना जोडलेले आहे. तिला लोक धरतात आणि झटकन फिरवतात. मला मात्र धरतात आणि थांबतात. त्या थांबण्यातच माझ्या आयुष्याची सगळी मजा आहे, आणि त्यातून अलीकडे जे घडले ते सांगताना अजूनही मला स्वस्थ बसवत नाही.

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका ओतशाळेत झाला. तापलेले पितळ साच्यात ओतले, कानशीने घासले, आरशासारखी चकाकी दिली आणि लाकडाच्या भुश्यात गुंडाळून मला आगगाडीने यॉर्कशरच्या डोंगरात, हेबलटन गावी पाठवले. तेव्हा हे लोकरीच्या एका व्यापाऱ्याचे घर होते. पुढे त्याच्या घराचा दवाखाना झाला. जिथे मेंढीच्या मांसाचे तुकडे वाढले जात, तिथे तपासणीचे टेबल आले, आणि माझे खरे आयुष्य सुरू झाले.

आमच्या गावच्या माणसांचा एक स्वभाव आहे. कुणाला त्रास द्यायचा नाही. आजारी पडल्याबद्दल ते आधी डॉक्टरांची माफी मागतात. पाय मोडला तरी 'तसं बरं आहे' म्हणतात. पायाचे कुरूप दाखवायला आलेली बाई कुरूप दाखवते, हवेबद्दल बोलते, आभार मानते, कोट घालते, माझ्यापाशी येते, मला धरते आणि मग दाराकडे तोंड करून म्हणते, "जाता जाता सांगते, डॉक्टर, छातीत एक गाठ लागतेय हाताला. काही नसेलच म्हणा." किती गाठी, किती रक्त, किती न रडलेले रडणे माझ्यापाशी आल्यावर बाहेर पडले आहे! जुने डॉ. क्रॉसली शिकाऊ डॉक्टरांना बजावत, की पहिली तक्रार असते ती शिष्टाचाराची, खरी तक्रार मुठीवर हात ठेवून येते, म्हणून रोग्याच्या तोंडाइतकेच त्याच्या हाताकडेही बघा. हे ऐकून मी अशी काही फुशारून जाई की विचारू नका. सफाईवाली बाई मला दर आठवड्याला चोळून लख्ख करीत असे. खरे सांगते, गावात माझ्याइतका मान चर्चच्या घंटेलाही नव्हता.

मग दिवस पालटले. डॉ. क्रॉसली निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी डॉ. बेथ ग्रीनवुड आल्या. त्यांच्या जोडीच्या दोन डॉक्टरांपैकी एक न्यूझीलंडला निघून गेला आणि दुसऱ्याने कामापायी अंथरूण धरले. जाहिराती दिल्या, पुन्हा दिल्या, पण या डोंगरात यायला कोणी तयार होईना. नर्सची जागाही रिकामी पडली आणि तिची यंत्रे याच खोलीत येऊन बसली. उरल्या एकट्या डॉ. बेथ. हुशार, चपळ, हसऱ्या. पण एका माणसाने तिघांचे काम करायचे म्हणजे हसू तरी किती पुरणार?

सकाळी आठ वाजले की फोन असा काही खणखणू लागे की भिंती हादराव्यात! ठोक्याला आठ वाजता सगळे गाव एकदम फोन लावी, कारण साडेआठपर्यंत त्या दिवसाच्या सगळ्या भेटी संपलेल्या असत. पुढच्या टेबलावर मॉरीनबाई बसतात. त्यांच्या बोलण्याला धार आहे आणि मनाला लोणी. लोक त्यांच्यावर खेकसत. एकदा मात्र त्यांनी एकाला ऐकवलेच, "अहो, मी काय डॉक्टर टेबलाखाली लपवून ठेवलेत का? एकच आहे, आणि ती आत माणसं तपासतेय."

प्रत्येक रोग्याला दहा मिनिटे. त्यातच ऐकायचे, तपासायचे, औषध लिहायचे आणि संगणकावर नोंद करायची. अर्धे रोगी तर फोनवरच उरकावे लागत. आणि मित्रांनो, फोनला मूठ नसते! लोक 'तसं बरं आहे' म्हणतात आणि फोन ठेवून देतात. बेथ दुपारचे सँडविच उभ्याउभ्या खात, आणि संध्याकाळी रक्ताचे अहवाल वाचता वाचता त्यांचा चहा गार होऊन जाई. वरच्या अधिकाऱ्यांनी सांगून ठेवले होते, की याही डॉक्टर गेल्या तर दवाखाना बंद होईल आणि लोकांनी शहरातल्या मोठ्या केंद्रात जावे. शहराची बस सकाळी एक, संध्याकाळी एक. बंदच व्हायचा तर डागडुजी कशाला, म्हणून माझा ढिला झालेला स्क्रूही कोणी पिळेना. मला चोळणे तर केव्हाच थांबले होते. मी काळपट पडले आणि दाराला लटकत राहिले.

एके दिवशी दुपारी बेथ आपल्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मी कान टवकारले. "महिनाअखेरीला सांगून टाकते," त्या म्हणाल्या. "मला नाही झेपत आता. नाही, इथे कुणाला बोलले नाही. प्रत्येकाला आपापलं आहेच की." अख्ख्या गावाचा दवाखाना त्या महिनाअखेरीवर टांगला होता, आणि ते ठाऊक असलेली गावात मी एकटीच, जिला तोंड नाही!

त्याच आठवड्यात क्लिफर्ड बार्कर आले. हे डोंगरउतारावर दगडाच्या भिंती रचतात. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड, आणि शंभर वर्षे हलत नाही. तक्रार काय, तर कानात मळ. बेथनी कान बघितला, तेलाचे थेंब लिहून दिले. बाहेर रोगी खोळंबले होते. क्लिफर्डनी आभार मानले, टोपी घातली आणि मला धरले.

अरे देवा, तो हात! गार आणि घामाने ओला. इतकी वर्षे मी हात ओळखत आले आहे. हा हात कानाचा नव्हता! ते थांबले. मी म्हटले, बोला, आता बोला! त्यांनी मागे वळून बघितले. बेथ डोळे मिटून कपाळ चोळत होत्या. त्यांना तसे दमलेले बघून क्लिफर्डनी तोंडाशी आलेले गिळले. "तसं बरं आहे, तुमचा वेळ नाही घेत," असे म्हणत त्यांनी मला फिरवले.

आणि मी निखळले! सगळीच्या सगळी त्यांच्या हातात आले! मी मुद्दाम केले असे सांगायला मला फार आवडेल, पण खरे श्रेय ढिल्या स्क्रूचे. पलीकडे माझी बहीण सळईसकट धाडकन व्हरांड्यात पडली आणि घरंगळत कपाटाखाली गेली. दार बंद ते बंद. खिडक्या तर रंगाचे थर चढून कधीच्या चिकटलेल्या.

बाहेर एकच धांदल उडाली. मॉरीनबाई गुडघ्यांवर बसून कपाटाखाली झाडू फिरवू लागल्या. बसलेल्या रोग्यांत एक सुतार होता, एक नळ दुरुस्त करणारा होता, आणि दोघांची मते वेगळी. कोणी पकड आणायला गाडीकडे पळाले. एक आजीबाई सगळ्यांना सांगत होत्या, की धक्का द्या, आमच्या हेंच्या वेळी असंच उघडलं होतं.

आत मात्र क्लिफर्ड मला हातात घेऊन उभे. जायला वाट नाही आणि घड्याळाला अर्थ नाही. ते खुर्चीवर परत बसले आणि माझ्याकडे बघत बोलू लागले.

"आता अडकलोच आहोत तर सांगतो. चढावर दगड उचलला की छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. आधी दम खाल्ला की जायचं. आज सकाळपासून जात नाही."

बेथ ताडकन उठल्या. "आज सकाळपासून? आणि तुम्ही मला कान दाखवलात?"

"तुम्ही दमल्या होतात," क्लिफर्ड म्हणाले.

पुढे जे झाले ते बघून मी अंगभर शहारले! त्या दमलेल्या बाईंच्या अंगात वीज संचारली. शर्ट काढला, छातीवर तारा चिकटवल्या, यंत्रातून नागमोडी रेघांची पट्टी सरसरत बाहेर आली. तिच्याकडे एकदा बघून त्यांनी एका हाताने गोळी चघळायला दिली आणि दुसऱ्या हाताने रुग्णवाहिकेला फोन लावला. मग दाराला तोंड लावून त्या म्हणाल्या, "मॉरीन, दार मोडलं तरी चालेल, पण आत्ता उघडायला हवं." सुतार आणि नळवाला यांचे पहिल्यांदा एकमत झाले. पहार घातली, चौकट करकरली आणि दार उघडले. उशीर झाला म्हणून मघापासून कुरकुरणारी माणसे क्लिफर्डना स्ट्रेचरवरून नेताना बघून उठून उभी राहिली. मी अजून त्यांच्या मुठीतच होते. रुग्णवाहिकेच्या पायरीशी मॉरीनबाईंनी मला हळूच सोडवून घेतले.

हृदयाची मुख्य नळी जवळजवळ बुजली होती. घरी गेले असते तर भिंतीपाशीच कोसळले असते, असे इस्पितळातून कळले. ते वाचले! सुताराने चौकट सांधली, मला नवा स्क्रू बसवला आणि पैसे विचारले तर ऐकू न आल्यासारखे केले.

पण महिनाअखेर? ती तर जवळ येतच होती. दोन दिवस उरले असताना क्लिफर्ड परत आले. या खेपेला बसता बसताच त्यांनी सांगितले, की गोळ्यांनी चक्कर येते आणि रात्री भीती वाटते. गावातला माणूस 'भीती वाटते' म्हणाला! बेथनी गोळ्या बदलल्या, भीतीबद्दलही बोलल्या. क्लिफर्ड उठले आणि त्यांनी मला धरले. हात कोमट, कोरडा, भक्कम. ते थांबले. मला कळेना, आता काय राहिले?

"जाता जाता विचारतो, डॉक्टर. तुम्ही कशा आहात?"

"तसं बरं आहे," बेथ हसून म्हणाल्या.

क्लिफर्डनी मला सोडले. परत जाऊन ते खुर्चीत बसले आणि त्यांनी टोपी मांडीवर ठेवली.

"हेच मी बोललो होतो ना पोरी, आणि मरत होतो. आता तू नीट सांग."

आणि बेथना रडू फुटले. एकटीचे काम, गार चहा, कुणाचे काही नजरेतून निसटेल ही छातीवरची धास्ती, परवा द्यायचा राजीनामा, सगळे बाहेर आले. सगळे ऐकून क्लिफर्ड म्हणाले, "डोंगरापलीकडे डॉ. बेलो आहेत, माहीत आहेत? मी उन्हाळ्यात त्यांच्या बागेची भिंत रचली. तेही एकटेच आहेत. तेही असाच चेहरा करून 'बरं आहे' म्हणतात. तू त्यांना कधी विचारलंस?"

"त्यांना कशाला त्रास द्यायचा?" बेथ म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता स्वतःच थांबल्या.

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. तुम्ही विचाराल म्हणून मी वर्षभर वाट बघतोय, मला विचारायला संकोच वाटला, असे ते म्हणत होते. आता दोन्ही खोऱ्यांचे सकाळचे फोन दोन्ही दवाखाने मिळून घेतात. एक दिवस बेलो इकडचे बघतात, एक दिवस बेथ तिकडचे. महिनाअखेर आली आणि गेली. त्या दिवशी बेथनी अधिकाऱ्यांना फोन केला खरा, पण राजीनाम्याचा नव्हे. दोन दवाखान्यांसाठी एक नर्स हवी, असे त्यांनी ठणकावून सांगितले. नर्स अजून आलेली नाही. आठला फोन अजून तसाच खणखणतो. पण परवा मी बेथना गरम चहा पिताना पाहिले!

मित्रांनो, मी थकलेली एक मूठ, मला एवढेच मागायचे आहे. डॉक्टरांकडे जाल तेव्हा खरे दुखणे आधी सांगा, माझ्यापाशी येईपर्यंत राखून ठेवू नका. माझा स्क्रू आता घट्ट बसवला आहे. आणि निघताना, मला धरलेत की, त्यांनाही एकदा विचारा, तुम्ही कशा आहात? विचारलेत तर लगेच मला फिरवू नका. उत्तर येईपर्यंत थांबा.