सुटा गठ्ठा

अप्पांच्या आजाराच्या आठवडाभर आधीचा तो दिवस. ओढ्याकाठच्या आडाचं पाणी नासून भूममध्ये पटकीची साथ पसरली होती, आणि इरम्माचे वडील महांतप्पा, म्हणजे अप्पा, दवाखान्यातले कारकून, ओसरीवर नावांच्या चिठ्ठ्या मांडून बसले होते. एका आडाचं पाणी पिणाऱ्यांचा एक गठ्ठा. एकच नाव दोन गठ्ठ्यांत निघालं, की दोन्ही दोऱ्यानं बांधून एक करायचे. त्यातलं नाव तिसऱ्यात सापडलं, तर तोही त्याच दोऱ्यात. ओढ्याकाठच्या आडाशी जे जोडले जातील, त्यांना लस आधी. बाकीच्यांनी पुढच्या खेपेची वाट पाहायची.

इरम्मा मुलींच्या शाळेत शिकवायची. चिठ्ठ्या तिनंच लिहिल्या होत्या. दुपार कलेपर्यंत सगळे गठ्ठे एक झाले. त्यांच्या गल्लीचा तेवढा सुटा राहिला.

“आपल्यातलं कुणी तिकडं पाणी प्यालंय का गं?” अप्पांनी विचारलं.

शेजारच्या लक्ष्मम्माकाकू ज्वारी पाखडत होत्या. त्या हसल्या. “लिंगायताचं माणूस तिकडं पाणी पितंय व्हय? तुमी बी काय इचारता, अप्पा.”

परवाच इरम्मा शाळेतून येताना गुलबानोकडं टेकली होती. दोघी एकाच शाळेत शिकवायच्या; गुलबानोच्या घरी पाणी ओढ्याकाठच्या आडाचं. उन्हानं घसा सुकलेला. गुलबानोनं दिलेला तांब्या तिनं एका दमात रिकामा केला होता.

काकूंच्या हातातलं सूप थांबलं होतं. इरम्मा म्हणाली, “न्हाय.”

अप्पांनी गठ्ठा बाजूला ठेवला. स्वतःही टोचून घेतलं नाही. दवाखान्यातल्या माणसानं आपल्या गल्लीच्या आधी दंड पुढं करणं त्यांना पटत नव्हतं. आठव्या दिवशी त्यांनी अंथरूण धरलं. उशाशी बसून इरम्मानं दोनदा तोंड उघडलं. “काय गं?” त्यांनी विचारलं. “काही न्हाय,” ती म्हणाली. दहाव्या दिवशी ते गेले. लसीची दुसरी खेप अकराव्या दिवशी आली.

भेटायला आलेली गुलबानो पायरीच्या खालीच बसली. आत बाया बोलत होत्या. काकू म्हणाल्या, आपल्यातलं कुणी तिकडं गेलं न्हाय, मग रोग हितं आला कुठनं? सगळ्यांच्या नजरा पायरीकडं वळल्या. इरम्मा आपल्याकडं पाणी प्यालीय, हे गुलबानोला ठाऊक होतं. तिनं मान खाली घातली.

इरम्मा उठली आणि पायरी उतरून तिच्याशेजारी बसली.

“मी गेले होते, काकू. हिच्या घरचं पाणी प्याले. अप्पांनी विचारलं, तेव्हा तुमच्याकडं बघून न्हाय म्हणाले.”