एका अंगानं करपलेला बांबू

उपकारस्तुतीच्या, म्हणजे सुगीसाठी देवाचे आभार मानायच्या रविवारी आमच्या गावात कुणाचंच दार लागत नाही. ओळखीचा असो नसो, आला तो जेवून जातो. उजाडताच लांबलचक चरात विस्तव पेटतो आणि त्याच्या कडेला बायका आपापले भाताचे बांबू तिरके उभे करतात. आत केळीचं पान, चिकट तांदूळ, नारळाचं दूध, आलं. आई बांबू फिरवताना म्हणायची,

बांबू फिरव गं बाई, नको बसू आगीपाशी
एका अंगानं भाजली, माया राहते उपाशी

यंदा मी दोन बांबू फिरवत होते, माझा आणि फेम्मीचा. फेम्मी माझी धाकटी बहीण. गेल्या ऑगस्टात अर्धांगवायूनं तिचं उजवं अंग गेलं. आठ महिने मी तिच्या घरी राहिले. तोंडात पेज घातली, लवंगेच्या तेलानं हातपाय चोळले, डोक्यातल्या उवासुद्धा काढल्या. ईस्टरला ती काठी टेकत चालली, तेव्हा गाव रडलं आणि म्हणालं, प्रभूनं उठवली. असेल. पण तेलाचा वास अजून माझ्याच बोटांना येतो.

आज ती आपला पहिला बांबू वेदीवर ठेवून बरं झाल्याची साक्ष देणार होती. मला एवढंच हवं होतं, तिनं सगळ्यांसमोर एकदा माझं नाव घ्यावं.

काय बोलणार आहेस, मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तिनं डोळे मिटून म्हणून दाखवलं, "प्रभूनं मला उचललं, प्रभूनं मला भरवलं."

शेजारची वेलमिन फिस्सकन हसली. "आल्चे, तुझी पेजसुद्धा त्याच्याच नावावर गेली बघ."

मीही हसले. मग माझा बांबू फिरवला. फेम्मीचा नाही फिरवला. त्याची हिरवी साल तडकली, काळी पडली, आणि मी बघत बसले.

देवळात पांढऱ्या कापडावर सगळ्यांचे बांबू पिवळसर, तिचा एक कोळशासारखा. ती तोलत उभी राहिली आणि सकाळी म्हणून दाखवलं तेच म्हणाली. उचललं. भरवलं. आमेन. माझं नाव आलंच नाही. बायका कुजबुजत माझ्याकडे वळल्या. मी गीतांच्या पुस्तकात तोंड घातलं आणि वेदीकडे असं पाहिलं, जसं सवतीकडे पाहतात.

उपासना झाली की वेदीवरचा बांबू परत घरी येतो. फेम्मीनं तो गुडघ्यांत धरून डाव्या हातानं फोडला.

"ताई, मुद्दाम जाळलास ना?"

"ज्यानं तुला उचललं, त्यालाच सांगायचं होतंस फिरवायला."

ती हसली. अजून तिचं तोंड एकीकडेच हसतं.

"आठ महिने मी त्याच्याशी अबोला धरला होता, ताई. पाद्री प्रार्थनेला आले की मी झोपेचं सोंग घ्यायचे, तुला माहीत आहे. जे बोलले ते तुझ्याशी. शिव्यासुद्धा तुलाच दिल्या. आज त्याच्याशी चार शब्द बोलले, तर तेवढंही तुला बघवेना?"

करपलेला भाग मी माझ्या ताटात ओढायला गेले, तर तिनं माझा हात बाजूला केला आणि तो भात पाहुण्यांच्या परातीत मधोमध ठेवला.

दुपारी पायरीपर्यंत माणसं. खालच्या गावच्या एका म्हाताऱ्यानं काळा घास चावला आणि विचारलं, हा कुणी केला बुवा?

"ताईनं," फेम्मी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आल्चेनं. माझ्या थोरल्या बहिणीनं. पांढरा आहे तो पण तिनंच, आणि हा करपवलाय तो पण तिनंच."

घर हसलं. माझे कान तापले. माझं नाव अखेर घेतलं गेलं होतं. मी मान खाली घालून वाढत राहिले आणि दाराशी नवा पाहुणा आला की त्याला आधी काळा भात वाढायचे, मग फेम्मी काय म्हणते म्हणून थांबायचे.