गुंतवळाच्या गवळणी

दिवाळीतल्या कोवळ्या उन्हाला माझ्या लेखी अजूनही ओल्या शेणाचा, कुरडूच्या तुऱ्यांचा आणि सोजरमावशीच्या तळहातांचा वास आहे. ते तळहात रुंद होते, कष्टानं रेषा बुजलेले. त्यांतून काही नाजूक निपजेल असं कुणाला वाटलं नसतं. पण वसुबारसेच्या सकाळी अंगणात उकिडवी बसून ती शेणाचा गोळा या हातातून त्या हातात घेऊ लागली, की थप् थप् आवाजाला एक संथ लय येई आणि बघता बघता डोक्यावर घागर घेतलेली गवळण उभी राही. मग ताक घुसळणारी, जात्यावर बसलेली, लेकुरवाळी. त्यांच्याभोवती शेणाचीच भिंत आणि भिंतीच्या आत गाय. पाडव्यापर्यंत ते गोकुळ अंगणात नांदे. पुढे वाळून त्याच्याच गोवऱ्या होत आणि रथसप्तमीला त्यांच्या विस्तवावर दूध उतू घातलं जाई.

भूमच्या बाजूच्या त्या गावात मी शाळेवर शिक्षिका म्हणून गेले आणि मावशीच्याच घरात, रस्त्याकडेच्या खोलीत भाड्यानं राहिले. मी तेवीस वर्षांची, कंबरेपर्यंत वेणी असलेली, आणि आपल्याला सगळं कळतं अशा समजुतीत असलेली. मावशी मला इतरांसारखंच ‘बाई’ म्हणे. तिचं बोलणं तुटपुंजं. कपिली गायीशी मात्र ती रोज पहाटे धार काढताना काहीबाही बोलत असे. भिंतीपलीकडून मला फक्त स्वर ऐकू येई, शब्द नाहीत. त्या स्वरानं मला जाग यायची.

गवळणी तिच्या अंगणात, पण शेण साऱ्या गल्लीचं. प्रत्येक घरातून एकेक पो यायचा. ज्या घराचं शेण गोकुळाला लागलं त्या घराची दावण भरलेली राहते, असा गल्लीचा समज. मी त्याला हसले होते. मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि माझं हसू आपोआप आटलं.

आधी पिकं गेली, मग विहिरी, मग जनावरं. कुणी बैलांना बाजार दाखवला, कुणी त्यांना गुरांच्या छावणीत नेलं. कपिलीला घेऊन मावशीचे यजमान, नाना, छावणीत जाऊन राहिले. जाताना मावशीनं गायीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि माळ्यावर कडब्याची एकच पेंढी राखून ठेवली, गाय परत येईल त्या दिवसासाठी. दावणीच्या खुंट्याभोवतालची जागा ती रोज झाडून काढायची. तिथं झाडण्यासारखं काहीच पडत नसे.

दिवाळी आली तेव्हा गल्लीत मूठभर शेण नव्हतं. बाया उजाडायच्या आत तलावाच्या दुष्काळी कामावर जात, डोईवर मातीच्या पाट्या वाहत, आणि दिवेलागणीला परतत तेव्हा त्यांच्या पापण्यांवरसुद्धा धूळ असे. सणाचं नाव कुणी काढत नव्हतं. मी मावशीला म्हटलं, यंदा राहू द्या, देवसुद्धा समजून घेईल.

पायाच्या भेगा चोळता चोळता ती म्हणाली, “अंगणात गाय उभी न्हाय राहिली बाई, तर दावणीला कुठनं येईल?”

दुसऱ्या दिवशी तिनं तलावाच्या बांधावरची चिकणमाती पदरात बांधून आणली आणि गवळणी केल्या. हातांना वर्षानुवर्षांची शेणाची सवय. ते मातीशीही तसेच वागले, आणि तिथंच चुकले. सकाळी आम्ही बघतो तर साऱ्या गवळणींच्या माना तडकलेल्या, गायीचे पाय पोटापासून सुटलेले. मावशी त्या भेगांवरून बोट फिरवत राहिली. शेणात चाऱ्याचा धागा असतो, तोच सगळं धरून ठेवतो. नुसत्या मातीला धरायला काही नाही, हे तिच्या बोटांना आमच्या आधी कळलं.

मी लगेच शहाणपण केलं. माळ्यावरची पेंढी आहे की, मूठभर कडबा बारीक करून घाला. मावशीनं माझ्याकडं बघितलंही नाही. तो कपिलीच्या तोंडचा घास हाय, एवढंच म्हणाली. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

मग ती उठली, भिंतीच्या फटीत बोट घातलं आणि केसांचं एक गुंडाळं बाहेर काढलं. विंचरताना गळणारे केस, म्हणजे गुंतवळ, गावातल्या बाया असे फटीतून जपून ठेवत. सुया-बिब्बे विकणारी बाई आली की तिला देऊन बदल्यात सुई घेत. मावशीनं गुंतवळ विसकटून मातीत कालवलं. गल्लीला निरोप द्यावा लागला नाही. बघता बघता प्रत्येक घराची फट रिकामी झाली. कोपऱ्यावरची खैरूनबी कागदाच्या पुडीत मेंदीनं लालसर झालेले केस घेऊन आली आणि माती कालवायला बसली. मीही आत गेले, फणीतले केस सोडवले; ते थोडे वाटले म्हणून वेणीच्या टोकाला कात्री लावली. मावशीनं ते घेतले आणि नेमके गायीच्या मातीत घातले.

ते गोकुळ पाडव्यापर्यंत टिकलं, नव्हे, त्यानंतरही टिकलं. गायीच्या मानेतून एखादा केस वाऱ्यानं हले. या मातीच्या गोवऱ्या व्हायच्या नव्हत्या. मावशीनं साऱ्या मूर्ती उचलून रिकाम्या गोठ्यात, खुंट्याजवळ मांडून ठेवल्या.

रथसप्तमीच्या आधी नाना परतले. खांद्यावर नुसतं दावं होतं. मावशीनं त्यांना पाणी दिलं, पाय धुवायला दिलं. नानाच म्हणाले, की कपिली एका सकाळी उठलीच नाही. बैलगाडीला बांधून ओढत नेली, कुठं टाकली ते बघवलं नाही. “माती बी देता आली न्हाय गं,” म्हणाले, आणि म्हातारा माणूस दावं तोंडाशी धरून रडला.

दुसऱ्या दिवशी मावशीनं मूर्ती पाटीत घेतल्या आणि कामावर गेली. मीही मागोमाग गेले. तलावाच्या बांधाच्या पोटात गडी चिकणमाती भरून, पाणी मारून धुम्मसानं, जड ठोकळ्यानं, ठोकत होते. तिनं खाली उतरून गवळणी एकेक करून निजवल्या, मधोमध गाय. तिच्या कपाळाला कुंकू लावलं, तोंडाशी कडब्याची एक काडी ठेवली. बाकीची पेंढी ती येतानाच वाटेतल्या वस्तीवरच्या वासराला घालून आली होती.

“शेणाची आसती तर रथसप्तमीला जाळायची व्हती,” मावशी म्हणाली, “पर हिला जाळायचं न्हाय. हिला माती द्यायची.”

बायांनी पाट्या ओतल्या. धुम्मस पडू लागलं, थप्, थप्, आणि मावशी त्या आवाजाकडं पाठ करून पुढची पाटी भरायला गेली. मी तिथंच उभी राहून रडले. मला रडायला वेळ होता.

पुढं दूध सोसायटी आली, पहाटे कॅनचे आवाज आले, मावशीच्या दावणीला दुसरी गाय आली आणि गवळणी पुन्हा शेणाच्या झाल्या. शेणाच्या भिंतीच्या आतली गाय मात्र मावशीनं पुन्हा केली नाही. तेवढी जागा सारवून मोकळी सोडायची. माझी बदली झाली. मावशी गेल्याचं मला उशिरा कळलं.

आता विंचरताना फणीत येतात ते केस पांढरे असतात. सवयीनं बोटाभोवती गुंडाळते, आणि या सिमेंटच्या घरात फट शोधत उभी राहते. मावशी नाही, नाना नाहीत, खैरूनबी नाही. बांध अजून पाणी धरून आहे म्हणतात. त्याच्या पोटात, त्या गायीच्या मानेत, माझे केस अजून काळे असतील.