नारू तांडेलाने दाखवलेली खूण

“साहेब, तुमच्या नळीतून माणसं उलटी दिसतात, हे खरं का?”

हंसाने विचारलं, आणि मागे बांधावर उभ्या असलेल्या चंद्रा आणि शांती दप्तरात तोंड खुपसून हसल्या. पैज त्यांनीच लावली होती. चिंचणीच्या शाळेतून वरोरला परतताना ओहोळाच्या काठी तिपाईवर नळी लावून उभा असलेला हा ओव्हरसियर त्यांना रोज दिसे, आणि गावात त्याच्याविषयी रोज काहीतरी नवं निघे. नळीतून भिंतीपलीकडचं दिसतं. माणसं खाली डोकं वर पाय दिसतात, म्हणून बायका तिच्यासमोरून जाताना लुगडं आवळून पळत सुटत. पूल हे नुसतं निमित्त, हा आलाय जमिनी मोजायला, मागून मिठागरवाला येणार, असं खुद्द हंसाचा बा, नारू तांडेल, चारचौघांत सांगायचा.

खांबेटे ओव्हरसियर चिडले नाहीत. त्यांनी हंसालाच नळीला डोळा लावायला सांगितलं. पलीकडच्या काठावर आकड्यांची उंच पट्टी धरून त्यांचा मदतनीस देवजी उभा होता, तो खरोखरच आभाळातून लोंबकळत होता. त्याच्यामागे आयने वाळत घातलेले बोंबील शेपट्या वर करून दोरीवर ताठ उभे होते.

“आणि लुगडी?” हंसाने डोळा न काढता विचारलं.

“लुगडी जागच्या जागी आहेत. गावात सांग तेवढं.”

पैज जिंकून झाली, मैत्रिणी पुढे गेल्या. हंसाचा पाय मात्र निघेना. सहामाहीत गणितात ती वर्गातल्या मुलांच्याही वर आली होती आणि तेव्हापासून कुणालाही काहीही विचारायची भीती तिला उरली नव्हती. शिवाय माणूस गोड बोलतो म्हणजे सरळ असतोच असं नाही. पूल बांधायचा तर दगड-सिमेंट आणावं, हे इतके दिवस काय मोजत बसलेत, असं तिने तोंडावर विचारलं.

खांबेटे खुलले. खापरीच्या एका तुकड्याने त्यांनी सपाट दगडावर ओहोळाचा आडवा छेद काढला. पूर कुठवर चढला ते कळलं की पाण्याची रुंदी आणि खोली कळते, त्यावरून पाणी किती जागा व्यापतं ते. तळाच्या उतारावरून आणि धोंड्यांवरून पाण्याचा वेग काढायचा. दोन्हींचा गुणाकार म्हणजे येणारं पाणी. तेवढं पाणी न तुंबता जाईल एवढे गाळे पुलाला ठेवायचे. गुणाकार त्यांनी हंसाला करायला दिला. तिने तोंडीच केला, त्यांनी कागदावर पडताळला, बरोबर आला. दोन गाळे पुरत होते.

हंसाला वाटलं, आपणच पूल बांधला. मग तिने विचारलं, पूर कुठवर चढला हे तुम्हाला काय ठाऊक?

“गावाने दाखवलं. त्या चिंचेच्या मुळाशी, गुडघाभर. नारू तांडेल म्हणून आहेत, त्यांनी स्वतः हात लावून दाखवलं.”

हंसाने चिंचेकडे पाहिलं. पाचेक वर्षांची असताना आलेल्या पुरात बाने तिला त्याच झाडाच्या बेचक्यात बसवलं होतं. पाणी तिच्या पावलांना लागत होतं, आणि बा खाली छातीभर पाण्यात उभा राहून तिचा घोटा धरून होता. त्याची बोटं तिला अजून आठवत होती.

“समजा,” ती सावकाश म्हणाली, “खूण दुप्पट उंच असती, तर पाणी दुप्पट?”

“तिपटीच्याही वर. पाणी खोल झालं की नुसतं वाढत नाही, धावतंही जास्त. मग गाळे वाढतात, पूल उंच होतो, दोन्हीकडचा भराव लांबतो.” त्यांनी खापरी खाली ठेवली. “का गं? तुला काही माहीत आहे का?”

“नाय. शाळेत असली गणितं घालतात.”

आता त्यांच्या नजरेतही संशय आला होता. हंसा दप्तर उचलून निघाली.

घरी आय बोंबील गोळा करत होती, बा ओटीवर जाळं सांधत होता. साहेबांना खूण इतकी खाली का दाखवली, असं हंसाने आडपडदा न ठेवता विचारलं. बाचा हात थांबला.

“त्यानं पाठवलीय तुला?”

कुणी पाठवलं नाही म्हटलं तरी त्याला खरं वाटेना. सरकारी माणूस पाणी विचारतो म्हणजे जमीन विचारतो, एवढं त्याला कळत होतं. पूल उंच झाला की भराव थेट त्यांच्या वाळवणाच्या जागेवर येणार होता. म्हणून सगळ्या आळीनं मिळून पाणी खाली दाखवायचं ठरवलं होतं. आय म्हणाली, “काय गो, तुझी शाळा त्याच बोंबलांवर चालते. जागा गेली तर तू पण बस माझ्याबरोबर मासळी निवडत.”

ते हंसालाही ठाऊक होतं. तरी ती बोलत राहिली. गणित नको म्हणाली, डोलीच्या जाळ्याचं घे. पाण्याची ओढ जोराची आणि डोलीचं तोंड बारीक, तर काय होतं?

“जाळं फाटतं,” बा नाइलाजाने म्हणाला.

“पुलाचं तोंड बारीक ठेवलं तर तसंच. भराव फाटला तर बरंच. नाय फाटला तर पाणी अडून मागं आपल्या आळीत शिरंल. जागा पण जाईल आणि घरं पण. आणि ह्या वेळी बेचक्यात कुणाकुणाला बसवशील?”

बाने सुई जाळ्यातच अडकवून ठेवली. आय बोंबलांची पाटी घेऊन दारातच उभी राहिली. हंसाने हातपाय धुतले, आत येऊन दोघांच्या समोर बसली. आवाज तिला वाटला होता त्याहून लहान निघाला, पण मोडला नाही.

“बा, आय, उद्या शाळेत जाताना मी साहेबांना खरी खूण दाखवणार. आधीची खोटी कशी दाखवली, ते विचारतील. तवा तू चल, बा. आलास तर तूच बोल, मी बाजूला उभी राहीन. नाय आलास तर मी एकटी जाणार.”