नेरिसने केलेल्या खुणा

आधी ऑलवेनला स्वतःच्या नावाची पाटी दिसली, मग पाटी धरलेला माणूस, आणि मग त्याच्यापुढची चाकांची खुर्ची.

"ही कोणासाठी?"

नेरिस, तिची लेक, बंदरावरच्या इमारतीच्या छताकडे बघू लागली. छताला बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"आई, रांग बघ केवढी आहे. अर्धा तास उभी राहशील?"

"सव्वीस वर्षं वेल्सच्या घाटांतून फिरत्या वाचनालयाची गाडी हाकली मी. बर्फात टायर बदललेत. आता रांगेत उभं राहायला चाकं लागतात होय मला?"

एकाहत्तराव्या वर्षी ऑलवेन पहिल्यांदा एकटी निघाली होती. तिचा नवरा एमलिन, त्याला तळ्यातल्या होडीतही मळमळायचं. तेव्हा बोटीचं नाव काढायची सोय नव्हती. तो गेल्यावर दोन वर्षांनी तिने स्वतःच ग्रीक बेटांची दहा दिवसांची सफर ठरवली, एकटीची केबिन घेतली. पोचवायला म्हणून नेरिस आली आणि दोघी बोट सुटायच्या आधी चार दिवस इटलीतल्या ट्रिएस्टमध्ये राहिल्या. त्या चार दिवसांत लेकीचा हात ऑलवेनच्या कोपराला असा चिकटला की झोपतानाच काय तो सुटे. पासपोर्ट नेरिसच्या पिशवीत. कॉफी नेरिस मागवणार, तीही बिनकॅफीनची. वेटरने ऑलवेनला काही विचारलं की उत्तर नेरिस देणार. ऑलवेनने दात आवळून दिवस ढकलले. बोटीत पाय ठेवला की सुटले, एवढंच ती मनाशी घोकत होती.

खुर्चीकडे पाठ फिरवून ती रांगेत उभी राहिली. चांगली चाळीस मिनिटं. खिडकीपाशी नंबर लागला तेव्हा आतल्या फुल्विया नावाच्या मुलीने पडद्यावर पाहिलं आणि ऑलवेनच्या डोक्यावरून नेरिसला विचारलं, "यांच्या सोबतीला कोण?"

"कोणी नाही. मी एकटी जातेय," ऑलवेन म्हणाली.

"मग अडचण आहे." मुलगी अजून नेरिसशीच बोलत होती. "अर्जात लिहिलंय, यांना चालायला मदत लागते, गोंधळ उडतो, औषधांची आठवण करावी लागते, कपडे घालायला आधार लागतो. अशा प्रवाशांना आम्ही सोबतीशिवाय घेत नाही."

"ए बाई, इकडे बघ. मी इथं आहे!" ऑलवेनने फळीवर हात आपटला. "आज काय नागडी आलेय मी? ही बटणं काय तुमच्या महापौरांनी लावली?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. ऑलवेन लेकीकडे वळली.

"तुझा अर्ज भरताना मला वाटलं, खुणा केल्या की जरा जास्त लक्ष देतील," नेरिस पुटपुटली. "सगळेच करतात गं."

"म्हणून सगळ्या चौकटींत केल्यास?"

"सगळ्या कुठे? चारच."

"आणि होत्या किती?"

"...चार."

फुल्वियाने वरिष्ठांना फोन लावला. बराच वेळ इटालियनमध्ये हुज्जत घातली. मग म्हणाली, "अर्ज ज्यांनी भरला त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं, की माहिती खोटी होती. आणि बाईंनी माझ्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. दार पावणेचारला बंद होतं."

तिने पेन पुढे सरकवलं. नेरिसने ते उचललं नाही.

"आई, घरी चल माझ्याबरोबर. मागच्या हिवाळ्यात पातेलं जळून कोळसा झालं होतं, आठवतं?"

"चांगलं आठवतं! तू फोनवर तासभर रडत होतीस, तुझा नवरा सोडून गेला म्हणून. पातेलं सोडलं मी, तुला नाही सोडलं."

नेरिसचे डोळे भरले, पण ऑलवेन आता थांबणार नव्हती.

"सहा वर्षं तुझ्या बाबांना उचलून बसवलं, भरवलं, पुसलं. तेव्हा नाही कोणी विचारलं, ऑलवेनला गोंधळ उडतो का म्हणून! आज मी माझ्यासाठी निघाले तर लगेच मी पांगळी?"

"तिकडे तुला काही झालं तर कागदावर सही माझी असेल."

"झालं तर मला होईल. मरण आलं तरी माझंच येईल, त्याच्यासाठी खुर्ची मागवू नकोस." ती खिडकीकडे वळली. "विचार गं पोरी."

आजची तारीख. बोटीचं नाव. पहिलं बंदर. गोळ्या कोणत्या, कधी. ऑलवेनने धडाधड सांगितलं, आणि बोटीच्या नावाचं स्पेलिंग फुल्वियाच्या पडद्यावर चुकलंय हेही सांगितलं.

"अडीअडचणीला कोणाला कळवायचं? फोन नंबर?"

नेरिसने सवयीने मोबाइल काढला. तेवढ्यात ऑलवेनने लेकीच्या डोळ्यांत डोळे घालून तिचा नंबर म्हणून दाखवला. अकराच्या अकरा आकडे, कुठेही न अडखळता, एखादं भांडण उकरून काढावं तशा आवाजात.

फुल्वियाने पहिल्यांदाच ऑलवेनकडे नीट पाहिलं. "मला माझ्या आईचा पाठ नाही."

"हिलाही नाही. विचार."

कोणी विचारलं नाही. नेरिसने पेन उचललं. 'चारही खुणा मी केल्या. माझ्या आईला यातलं काहीही लागत नाही.' 'काहीही'पाशी पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

ऑलवेनने हात पुढे केला. नेरिस मिठी मारायला सरसावली.

"पासपोर्ट," ऑलवेन म्हणाली.

तो हातात पडल्यावरच तिने लेकीच्या गालाला गाल लावला, तोही उभ्या उभ्या. "गुरुवारपर्यंत फोन करायचा नाही."

"पण समजा..."

"गुरुवार, नेरिस."

बोटीवर नेणारी वाट चांगलीच चढणीची निघाली. मागून लेक बघतेय हे पाठीला कळत होतं, म्हणून ऑलवेन कठड्याला बोटही न लावता, बँडच्या तालावर चालावं तशी गेली. वळण आलं, बंदर दिसेनासं झालं. तिथे तिने दोन्ही हातांनी कठडा घट्ट पकडला, आणि पोरीला आणि डाव्या गुडघ्याला, दोघांनाही, वेल्शमधून मनसोक्त शिव्या घातल्या. मग दम खाऊन राहिलेली चढण चढू लागली.