दांडीखालचा आकडा

अकराव्या गिटारीतही चूक सापडली नाही तेव्हा माझं डोकं फिरलं.

कारखान्याचे मालक शेजारी उभे होते, दोन्ही हात पोटाशी धरून, तपासणीला साहेब आल्यावर शाळामास्तर उभे राहतात तसे. टेबलावर जाड कापड अंथरलं होतं आणि त्यावर ती बेस गिटार उताणी पडली होती. मी दांडीच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत बोट ओढलं. एकाही फ्रेटचं, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीचं, टोक बोटाला लागलं नाही. एक डोळा मिटून दांडीच्या टोकाकडून पाहिलं. जेवढा बाक हवा तेवढाच होता. बाराव्या फ्रेटवर जाड तार दाबून सूर तपासला, तर यंत्राचा काटा मधोमध येऊन थांबला.

"कशी वाटतेय, मॅडम?" मालकांनी विचारलं.

"बारावी आणा," मी म्हणाले.

खरं सांगायचं तर मी गिटारी घ्यायला आलेच नव्हते. मी त्या माणसाला रडवायला आले होते.

माझा बेस गिटारींचा छोटासा ब्रँड आहे. छोटासा म्हणजे किती, तर मी, नवरा आणि घरामागच्या दोन खोल्या. गिटारीचा आराखडा माझा, लाकूड कुठलं, दांडी किती जाड, तारांत अंतर किती, हे सगळं मी ठरवते; बनवून मात्र बाहेरच्या कारखान्यातून घेते. माल आला की एकेक गिटार पुन्हा जुळवायची आणि दांडीच्या टोकाला एक पितळी पाकोळी ठोकायची. पाकोळी बसली की ती आमची. वाजवणारे म्हणतात, पाकोळीवाली गिटार खोक्यातून काढली की थेट वाजवायला घ्यावी.

अशा गिटारी बनवून देणारे दोन चांगले कारखाने मला माहीत आहेत. तरी गेल्या वर्षी मी तिसऱ्याकडे गेले. मुद्दाम गेले.

पहिला लॉट पॉलिशवरून परत केला. ते पॉलिश खरंच वाईट होतं. दुसऱ्यात तीसपैकी चार गिटारींत दोष होता, मी तीसच्या तीस परत केल्या. तिसऱ्यात काहीच नव्हतं. तेव्हा टॉर्च तिरपी धरून केसाएवढा ओरखडा शोधून काढला आणि "हे काय आहे?" म्हणून मालकांच्या नाकासमोर धरला. त्यांचा पडलेला चेहरा डोळे भरून पाहिला आणि घरी येऊन दोन घास जास्त जेवले.

सकाळी निघताना नवरा म्हणाला होता, "तू गिटारी आणायला चाललीस की मुडदा पाडायला?"

"एका फेरीत दोन्ही जमतं का बघते."

सगळ्यात जास्त संताप कशाचा होता सांगू? त्यांनी मला ओळखलंच नव्हतं. सोळा वर्षं मी ज्याच्यावर दात धरून होते, त्याच्या डोक्यात माझा चेहरासुद्धा शिल्लक नव्हता. चार फेऱ्या झाल्या, तरी आपलं "या मॅडम, बसा मॅडम".

सोळा वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये, याच टेबलापाशी मी तपासनीस होते. बाबा पलीकडच्या खोलीत दांड्या घडवायचे. सगळे त्यांना दांडीकाका म्हणायचे. तेव्हाची पद्धत अशी होती: लाकडाचा ठोकळा हाती आला की त्यात यंत्राच्या दोन सुया खुपसायच्या. ओलाव्याचा आकडा दिसतो. आठपर्यंत असेल तर लाकूड घ्यायचं, नाहीतर बाजूला ठेवायचं. घडवणारा तो आकडा दांडीच्या बुडाशी पेन्सिलने लिहायचा आणि शेजारी आपली खूण काढायचा. ते बूड गिटारीच्या अंगातल्या खाचेत बसतं, मागून चार स्क्रू आवळले की आकडा आत जातो, परत कुणाला दिसत नाही. तोच ओलावा तपासनिसाने स्वतः पुन्हा मोजून वहीत लिहायचा. गिऱ्हाइकाला दाखवायची ती ही वही.

त्या वर्षी लाकूड ओलं आलं. यंत्र चौदा दाखवत होतं. मी मालकांकडे गेले, तर म्हणाले, "यंत्र बिघडलंय. तू आठ लिही." मी आठ लिहिलं. एकवीस वर्षांची होते, पहिली नोकरी होती, तुम्ही काय केलं असतं? दीडशे वेळा आठ लिहिलं.

चार महिन्यांत दांड्या वाळून पिळवटल्या. फ्रेटची टोकं बाहेर आली, वाजवणाऱ्यांचे हात सोलून निघाले आणि सगळा माल परत आला. मालकांनी सगळ्यांना हॉलमध्ये गोळा केलं, वही उघडून धरली आणि मला विचारलं, "हे अक्षर कुणाचं?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढे आले. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, आता बाबा सांगतील. ओलं लाकूड रंध्याखाली कसं लागतं हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच! बाबांनी हात जोडले. "पोर आहे, मालक. चुकलं तिचं. पदरात घ्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माफी माग."

मी मागितली. नोकरी गेली ती गेलीच. बाबा मात्र पुढे नऊ वर्षं तिथेच दांड्या घडवत राहिले.

त्या दिवसानंतर ते माझ्याशी लाकडाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पहिली पाकोळीवाली गिटार तयार झाली तेव्हा मी ती घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी दांडीवरून हात फिरवला, गिटार उलटी केली आणि मागच्या चार स्क्रूंवर अंगठा ठेवून बराच वेळ बसून राहिले. मग "बरी झालीय" एवढंच म्हणून परत दिली. माझी त्यांना अजून लाज वाटते असं मी धरून चालले. पाच वर्षांपूर्वी बाबा गेले. लेकीने नाव घालवलं असं मनात धरून गेले, आणि त्याला कारण हा माणूस. म्हणून मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. याच हॉलमध्ये, सगळ्यांसमोर: चूक माझी होती, पोरीची नव्हती. चौथा लॉट नापास झाला की कारखाना बंद पडणार हे मला माहीत होतं. तो टेकीला आला की मगच मी कोण ते सांगणार होते.

पण चूक सापडेना. एकोणीस गिटारी झाल्या. टॉर्च तिरपी धरून झाली, उभी धरून झाली.

"लाकूड कुठलं हे?" शेवटी मी विचारलं.

मालकांचा चेहरा उजळला. "मॅडम, तुम्ही तीनदा माल परत केलात. म्हटलं, आता राखून कशासाठी ठेवायचं? माळ्यावर जुन्या दांड्या पडून होत्या, सोळा वर्षांच्या. जेवढं पिळवटायचं तेवढं पिळवटून झालं होतं त्यांचं. दीडशेतल्या तीस कामाच्या निघाल्या. तुमच्या मापाला रंधून घेतल्या, वरची पट्टी नवी, फ्रेट नवे. असं वाळलेलं लाकूड आता शोधून मिळायचं नाही."

"सोळा वर्षं माळ्यावर का पडल्या होत्या?"

"झालं होतं काहीतरी," ते म्हणाले. "तपासणीतल्या कुणा मुलीचा घोळ होता."

कुणा मुलीचा! माझ्या कानशिलांत आग झाली.

"स्क्रू ड्रायव्हर द्या."

"कशाला, मॅडम?"

"द्या म्हटलं ना."

मी एकोणिसाव्या गिटारीच्या तारा सैल केल्या, ती उलटी केली, चारही स्क्रू काढले आणि दांडी खाचेतून उचलली. बुडाला ना रंधा लागला होता ना पॉलिश. त्यावर पेन्सिलने काढलेला एक त्रिकोण होता, खालची रेघ जरा बाहेर गेलेली. बाबांची खूण. लहानपणी माझ्या पाटीवरही ते तसाच त्रिकोण काढायचे आणि मी रेघ पुसून नीट करायचे. शेजारी आकडा होता, १४.

मला पहिल्यांदा झाला तो आनंदच, खोटं कशाला बोलू? पुरावा! तोही त्याच्याच कारखान्यातला, त्यानेच स्वतःच्या हाताने माझ्यापुढे आणून ठेवलेला.

"सगळ्या कामगारांना बोलवा," मी म्हणाले. "तीसच्या तीस दांड्या उघडायच्या. आतला आकडा तुम्ही वाचायचा. मोठ्याने."

"पण मॅडम, मालात काही..."

"माल पास व्हायला हवाय ना?"

एके काळी त्या कारखान्यात चाळीस माणसं होती. आता आठ आली. जुन्यांपैकी फक्त पॉलिशवाली मावशी उरली होती, तीही हात पुशीत भिंतीशी येऊन उभी राहिली. दोघांनी भराभर स्क्रू काढले, दांड्या ओळीने टेबलावर मांडल्या. मालकांनी चष्मा लावून पहिली उचलली.

"गोल. आठ."

"पुढची."

"फुली. आठ."

"पुढची."

"त्रिकोण. चौदा."

ते थांबले. चौदा म्हणजे काय हे त्या हॉलमध्ये त्यांना आणि मला, दोघांनाच नीट कळत होतं. हल्लीच्या मुलांनी दांड्या बसवताना आकडे पाहिले असतील आणि सोडून दिले असतील.

"वाचा ना," मी म्हणाले. "आवाज का बसला?"

"आठ," मालक वाचू लागले. "आठ. चौदा. आठ. त्रिकोण, पंधरा. आठ."

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी खुर्ची ओढून आरामात बसले. असं सुख मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

तेवढ्यात मावशी पुढे आली. तिने एक दांडी उचलून त्रिकोण निरखला, मग मला निरखलं. "अगंबाई! तू दांडीकाकांची ना गं?"

मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. "दांडीकाकांना मुलगी होती?"

"होती ना," मी म्हणाले. "तपासणीत घोळ घातला होता म्हणे तिने."

मालकांनी हातातली दांडी अलगद खाली ठेवली. माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना आता सगळं आठवत होतं. ती वही, ते जोडलेले हात, सगळं. ते आता म्हातारे झाले होते, आणि मला त्याची जराही दया आली नाही.

"मी सांगितलं होतं," ते पुटपुटले.

"ऐकू आलं नाही."

"आठ लिहायला मी सांगितलं होतं," ते आठही जणांकडे वळून म्हणाले. "लाकूड ओलं होतं, मला माहीत होतं. ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून केलं. चूक माझी होती, हिची नाही."

झालं. सोळा वर्षं ज्यासाठी थांबले होते ते झालं. फार गोड वाटलं. मालकांनी मात्र पुन्हा त्रिकोणाची दांडी हातात घेतली होती आणि बोलतच होते, मला नाही, स्वतःलाच. "सगळ्यांना सांगितलं होतं. घडवणाऱ्यांना, तपासणाऱ्यांना. सगळ्यांनी लिहिलं आठ. ह्या एका माणसाने नाही लिहिलं, आणि मला पत्तासुद्धा लागला नाही."

मावशीने डोळ्याला पदर लावला. "काका तसेच होते," ती म्हणाली. मग अगदी साधेपणाने, मायेनेच, मला विचारलं, "आणि तू गं? तू काय लिहिलं होतंस वहीत?"

आठही माणसं माझ्याकडे पाहत होती. मोठ्याने वाचायला मीच सांगितलं होतं.

"आठ," मी म्हणाले.

कुणाला त्यात विशेष वाटलंही नसेल. पण मी खुर्चीवरून उठले ती उभीच राहिले. त्या दिवशी बाबांनी नुसते चार स्क्रू काढून दाखवले असते तर मालक खोटे पडले असते. आणि मालकांबरोबर वहीतलं माझं अक्षरही. ते मला वाचवायला गप्प बसले, की नोकरी वाचवायला, की दोन्हीसाठी, हे विचारायला आता घरात कुणी नाही. एवढं मात्र कळलं, की "चुकलं तिचं" हे त्यांनी मालकांच्या भीतीने म्हटलेलं नसावं. माझं चुकलं होतंच. सोळा वर्षं मी त्यांच्यावर रागावले होते, आणि ते अंगठ्याखाली चौदा धरून बसले होते.

माझा मालकांवरचा राग काही गेला नाही. तो आजही आहे. फक्त तेवढ्यावर भागत नाही हे आता समजलं.

"मॅडम," मालक म्हणाले, "उरलेल्या अकरा तपासायच्यात?"

"तपासायच्यात ना. मुलांना बाकीच्या जोडायला सांगा. ही मी जोडते."

एकोणिसाव्या गिटारीची दांडी मी पुढे ओढली. पिशवीतून ओलाव्याचं यंत्र काढलं आणि दोन्ही सुया बुडाशी टेकवून दाबल्या. सात. मावशीच्या कानामागे पेन्सिल होती, ती मागून घेतली. बाबांच्या चौदाखाली ७ लिहिलं. शेजारी खूण काढायची असते, पण माझी खूण अशी कधी नव्हतीच, म्हणून नुसता आकडा ठेवला. दांडी खाचेत बसवली, गिटार उलटी करून चारही स्क्रू स्वतः आवळले आणि त्यांच्यावर अंगठा ठेवून बसले.

मालक पुन्हा पोटाशी हात धरून शेजारी येऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "कशी वाटतेय, मॅडम?"

"बरी झालीय," मी म्हणाले.